एकास एक अर्थाचा भ्रम

बारावीनंतर बीबीए, बीसीए किंवा बीएमएसला प्रवेश घ्यायचा तर २०२४ पासून राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे. तिच्यातल्या १०० प्रश्नांपैकी ४० इंग्रजीचे. सणसर, भवानीनगर, बेलवाडी या पट्ट्यातून बारामतीला किंवा पुण्याला निघालेल्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींना धास्ती असते ती या ४० प्रश्नांची, आणि त्यावर उपायही ठरलेला सांगितला जातो: अवघड शब्दांची यादी घ्या, पुढे मराठी अर्थ लिहा, रोज ४० शब्द पाठ करा. दोन महिन्यांत २,४०० शब्द होतील, हा हिशेब कागदावर चोख आहे. पण ज्यांच्या हाताशी वेळ कमी आणि आधार कमी, त्यांच्याच माथी हा सर्वांत उधळा मार्ग मारला जातो, हे मला फार खटकते.

यादीवाल्यांचा युक्तिवाद असा, की परीक्षेत समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दच विचारतात, मग शब्द-अर्थाची जोडी पाठ करण्यात गैर काय? गैर आहे ते एका शब्दाला एकच अर्थ मानण्यात. मराठीवरच पडताळून पाहावे. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सोडतात, माणूस तंबाखू सोडतो, एकादशीचा उपास सोडतो, नोकरीसाठी गाव सोडतो. आपले क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र रिलीज, गिव्ह अप, ब्रेक आणि लीव्ह अशी चार लागतात. ‘अबॅन्डन म्हणजे सोडणे’ एवढेच घोकलेल्या मुलाला गाळलेल्या जागेपुढचे चारही पर्याय सारखेच बरोबर वाटणार, आणि प्रश्न तर त्या चारांतला फरक ओळखण्याचा असतो. स्मरणाच्या अंगानेही यादी तोट्याचीच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरजुळण्या पाठ केल्या तर एका दिवसात त्यांतला बराच भाग निसटतो, आणि अर्थ असलेली कविता पाठ करायला सुमारे एक दशांश श्रम पुरतात, असे त्यांना आढळले. संदर्भ तोडलेला परका शब्द मुलाच्या दृष्टीने अक्षरजुळणीच असतो. शब्दयाद्यांचा बाजार जिच्यामुळे जगभर फोफावला त्या अमेरिकेच्या सॅट परीक्षेनेही २००५ मध्ये शब्दसाम्याचे आणि २०१६ मध्ये सुट्या वाक्यपूर्तीचे प्रश्न काढून टाकले. आता तिथे उताऱ्यातला शब्दाचा अर्थ विचारतात.

मग शब्द यावेत कसे? जसे याच शिवारात येतात तसे. उसाच्या पट्ट्यातल्या मुलाला आडसाली, सुरू, पूर्वहंगामी आणि खोडवा यांतला फरक कोणी तक्ता देऊन शिकवलेला नसतो. लागण, तोड, कारखान्याची मोळी या कामांच्या बोलण्यात हे शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतात आणि नेमके बसतात. शिवाय शब्द उकलण्याची रीत मराठी व्याकरणाने त्याला आधीच दिलेली आहे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार: धातू एक, उपसर्ग बदलला की अर्थ बदलला. इंग्रजीत ‘स्क्राइब’ म्हणजे लिहिणे धरले की आत कोरणे ते इन्स्क्राइब, आणि खाली नाव लिहून वर्गणीदार होणे ते सबस्क्राइब. ‘इग्नोरंट’ आणि ‘अज्ञ’ यांत तर उपसर्ग आणि धातू दोन्ही मुळात एकाच घरचे आहेत. ही उकल दरवेळी साथ देत नाही, हे मान्यच करायला हवे. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. म्हणून तर उकलीने बांधलेला अंदाज वाक्यात घालून तपासावा लागतो, आणि यादीत वाक्यच नसते.

खेड्यात वाचायला इंग्रजी आहे कुठे, असे कोणी म्हणेल. बारावीच्या प्रत्येक दप्तरात इंग्रजीचे ‘युवकभारती’ आहे. त्यातले धडे प्रश्नोत्तरांपुरते उघडले जातात, हे दुर्दैव. त्यातले रोज ८ शब्द वाक्यासकट घेतले, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने वही झाकून आठवले, तर ६० दिवसांत ४८० शब्द होतात. ४८० हा आकडा २,४०० पुढे लहान दिसतो. पण हे शब्द उताऱ्यात भेटले तर ओळखू येतात आणि लिहिताना हाताशी येतात. दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावे, मध्ये मराठी आणू नये. घरात इंग्रजी बोलले जाते तिथे हे ठीक असेल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मात्र मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले ते मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत करायला लावून. शब्द दिला की लगेच तो वाक्यात वापरायचा, अशी तिची शिस्त होती. सणसरच्या मुलीने ‘कालव्याला आवर्तन सुटले’ हे वाक्य इंग्रजीत करून पाहावे. ‘रिलीज’ हा शब्द तिला पुन्हा पाठ करावा लागणार नाही.