न्हाणीघरातला फवारा : भिंतीचा की हातातला?



शिरूर कासार तालुक्यात हल्ली नवे घर बांधताना न्हाणीघरात फवारा, म्हणजे शॉवर, बसवण्याची हौस दिसते. हौस वाईट नाही. पण आपण सिंदफणेच्या काठी राहूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी माणसे. तेव्हा मिस्त्री म्हणेल ते बसवण्याआधी चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट दाबाची. पाण्याच्या 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो दाब मिळतो. आपली टाकी न्हाणीघराच्याच स्लॅबवर असते आणि भिंतीतला फवारा तिच्या तळाखाली जेमतेम दोन फूट. मग पाणी नुसते ठिबकते. हातातला फवारा बसून खाली धरला की उंचीचा फरक आपोआप वाढतो आणि धार जोर धरते. भिंतीचाच हवा असेल, तर आधी टाकी उंच करा.

दुसरी गोष्ट मोजमापाची. 20 लिटरची बादली फवाऱ्याखाली धरा आणि घड्याळ पाहा. दोन मिनिटांत भरली, तर पाच मिनिटांच्या अंघोळीला 50 लिटर, म्हणजे अडीच बादल्या लागल्या! म्हणून साबण लावताना पाणी बंद करा. हातातल्या फवाऱ्याला मुठीशी बटण असेल, तर हे सोपे जाते. टँकरच्या दिवसांत मात्र फवारा बंद आणि बादली-तांब्या सुरू.

तिसरी गोष्ट क्षारांची. बोअरच्या जड पाण्याने ठिबकच्या तोट्या बुजतात, तशीच फवाऱ्याची भोकेही बुजतात. तोंड उघडता येईल असाच फवारा घ्या. महिन्यातून एकदा ते लिंबाच्या पाण्यात रात्रभर भिजवून जुन्या ब्रशने घासा. ठिबकचे आम्ल इथे वापरू नका, मुलामा जाईल.

चौथी गोष्ट घरातल्या माणसांची. माझ्या घरी मी आधी भिंतीतला फवारा बसवला होता. आईचे गुडघे धरलेले, ती स्टुलावर बसून अंघोळ करी. नुसते पाय धुवायचे म्हटले तरी डोके भिजे. तिने कधी तक्रार केली नाही; मुकाट्याने बादली ओढून घेई. एकदा ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला, तेव्हा माझे डोळे उघडले. हातातला फवारा आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवला. बाळंतीण आणि लहान मूल यांनाही त्याचा उपयोग होतो.

हातातल्याला खोडही आहे. नळी चिरते, वायसर झिजतो. म्हणून अंघोळ झाली की भिंतीतली चावी बंद करा, नळीवर दाब ठेवू नका. फवारा बादलीत बुडवून सोडू नका. टाकी रिकामी होताना घाण पाणी उलटे ओढले जाते.

दोन्ही परवडत नसतील, तर हातातला घ्या आणि भिंतीला उंच आकडा ठोका. त्यात अडकवला की तोच भिंतीचा फवारा!