अलाइनरने दात सरकतात, जबडा नाही!

मोबाइल उघडला की पारदर्शक अलाइनरची जाहिरात समोर येते : तारा नकोत, त्रास नको, काही महिन्यांत सुंदर हास्य! लग्न जमवायच्या घाईतली घरे तिला लगेच भुलतात. माझा राग अलाइनरवर नाही, अर्धवट माहितीवर आहे.

खालचा जबडा फार पुढे किंवा मागे असेल, चेहरा एका बाजूला झुकलेला असेल, दाढा मिटूनही पुढच्या दातांत फट राहत असेल, तर दोष हाडात असू शकतो. असा दोष झाकायला दात आपोआप तिरके होतात. वाढ पूर्ण झाल्यावर नुसत्या अलाइनरने ते आणखी तिरके केले, तर दोष झाकला जातो, जात नाही. मुळांवर आणि हिरड्यांवर ताण येतो तो वेगळाच.

मोठा दोष असेल, तर आधी दात आपापल्या जबड्यावर सरळ करतात. या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. जाहिरातीत हे नसते. मग पूर्ण भूल देऊन, बहुधा तोंडाच्या आतूनच, हाड कापून योग्य जागी टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. त्यानंतर काही आठवडे पातळ आणि मऊ आहार. खालचा ओठ आणि हनुवटी काही महिने बधिर राहू शकते, काहींची कायमची.

हे सगळे अलाइनर वापरूनही करता येते. दात घासणे सोपे जाते. पण ते रोज २० ते २२ तास लावायलाच हवेत. शिवाय तारांना हुक असतात, अलाइनरला नसतात. त्यामुळे शस्त्रक्रियेत जबडे बांधायला वेगळी सोय लागते. म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र आखणी करायला हवी. कुरिअरने येणाऱ्या डब्यात ही आखणी नसते. अमेरिकेतली घरपोच अलाइनर देणारी ‘स्माइलडायरेक्टक्लब’ डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्धवट उपचारातले रुग्ण वाऱ्यावर पडले.

पुण्यात धनकवडीचे भारती विद्यापीठ, कॅम्पातले रंगूनवाला अशी दंत महाविद्यालये आहेत. दोन्ही तज्ज्ञ तिथे एकाच छताखाली भेटतात. पैसे भरण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारा : दोष दातांत की हाडात? माझी वाढ पूर्ण झाली आहे का? शस्त्रक्रिया कोण करणार? विम्याचे उत्तरही लेखी घ्या. ‘सौंदर्योपचार’ म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो.

एक्स-रे न काढता, तोंडात न डोकावता जो तुम्हाला हास्य विकतो, तो डॉक्टर नव्हे, दुकानदार.