डोळे मिचकावणाऱ्या मुलांसाठी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांत जाऊन मुले तपासतात. त्या तपासणीतून निसटणाऱ्या मुलांविषयी हे पत्र आहे.

एखादे मूल अचानक सारखे डोळे मिचकावू लागते. घट्ट मिटते, बुबुळे वर फिरवते, डोळे विस्फारते. घरचे म्हणतात, मोबाइल बंद. आजी दृष्ट काढते. अॅलर्जीचे थेंब येतात, चष्मा येतो, आणि वर्गात बाई सांगतात, ‘नाटकं पुरे!’

अशा अनेक मुलांना टिक, म्हणजे आपसूक पुन्हापुन्हा होणारी हालचाल, असते. टिक बहुधा चार ते सहा वर्षांच्या वयात सुरू होते आणि सर्वांत आधी बहुतेक वेळा डोळ्यांतच दिसते. शिंक येण्याआधी वाटते तशी अनावर ऊर्मी अनेकांना आधी दाटून येते. टिक काही वेळ दाबता येते, कायमची नाही. म्हणूनच डॉक्टरांसमोर मूल शांत बसते आणि घरी आल्यावर डोळे पुन्हा सुरू होतात. आईवडिलांना वाटते, मुद्दाम करतो. मला या गैरसमजाचा सर्वांत जास्त त्रास होतो, कारण त्यापायी मूल शिक्षा भोगते. ‘हिचकी’ चित्रपटामुळे २०१८ मध्ये टूरेट या टिकच्या विकाराचे नाव अनेकांपर्यंत पोचले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो नायिकेच्या तोंडून निघणारा आवाज, डोळे नाहीत.

डोळे तपासायलाच हवेत. कोरडेपणा, तिरळेपणा, चष्म्याचा नंबर यांनीही मूल डोळे मिचकावते. मूल मध्येच शून्यात पाहत राहिले, हाक मारूनही भानावर आले नाही, तर फिट्सची तपासणी तातडीने व्हावी. पण डोळे निर्दोष निघाल्यावर थेंब बदलत बसणे चूक आहे. बऱ्याच मुलांची टिक वर्षाच्या आत जाते किंवा खूप कमी होते. टिकली, तर सवय-बदलाची वर्तनोपचार पद्धत उपयोगी पडते. अनेकदा सोबतच्या चंचलतेचा (एडीएचडी) किंवा मंत्रचळाचा त्रास टिकपेक्षा मोठा असतो, आणि तोच नजरेआड राहतो.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ ३० आजारांच्या यादीत दृष्टिदोष आहे, एडीएचडी आहे, टिक नाही. पथकांच्या तपासणी पत्रकात तिच्यासाठी एक प्रश्न घालावा, जिल्हा प्रारंभिक हस्तक्षेप केंद्रांतील (डीईआयसी) मानसशास्त्रज्ञांना सवय-बदलाचा वर्तनोपचार शिकवावा, आणि नव्या शैक्षणिक वर्षाआधी प्रत्येक शाळेला परिपत्रक पाठवावे: डोळे मिचकावणाऱ्या मुलाला रागावू नका, टोकू नका, पथकाला दाखवा.

आपली,
एक पालक