नखाचं निदान आधी, औषध मग

रायपूरच्या पुरानी बस्तीत वडीलधारं माणूस भेटलं की ‘पायलागी’ म्हणत वाकायची रीत आहे. कुणी वाकलं की माझे वडील पाय खुर्चीखाली ओढून घेत. दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी आणि जाड झालेली, नेलकटरच्या तोंडात मावत नसत. चप्पल काढावी लागते म्हणून त्यांनी महामायेच्या देवळात जाणंही कमी केलं.

‘वय झालं की असं होणारच,’ असं सगळे म्हणत. वयाबरोबर नखं जाड होतात हे खरं; पण घट्ट बुटांच्या माराने होतात, सोरायसिसने होतात आणि बुरशीनेही होतात. नुसतं पाहून फरक कळत नाही. बिघडलेल्या नखांपैकी बुरशी साधारण निम्म्यांतच निघते. म्हणून ‘वयच आहे’ म्हणणारा जितका चुकतो, तितकाच पाहताक्षणी बुरशीचं औषध देणाराही. नखाखालचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, जमल्यास कल्चरला लावायचा. मेकाहारा या इथल्या सरकारी रुग्णालयात आणि टाटीबंधच्या एम्समध्ये त्वचाविभाग आहेत. तरीही आमच्या घरी पहिलं वर्ष एका दुकानदाराने दिलेल्या मलमात गेलं. त्यात स्टेरॉइड होतं हे फार उशिरा कळलं.

कंकाली तलावात स्नान केलं की त्वचेचे विकार जातात, अशी इथली जुनी श्रद्धा. ती मी मोडायला निघालेले नाही. पण ही बुरशी नखाच्या खाली, कातडीला लागून वाढते. तिथवर तलावाचं पाणी पोचत नाही, व्हिनेगर-हळदही पोचत नाही, आणि बोटांच्या बेचक्यांतली ओल तर तिला हवीच असते. नखावर लावायच्या औषधाचंही बळ थोडंच. सायक्लोपिरॉक्सचा 8 टक्क्यांचा लेप 48 आठवडे रोज लावूनही पूर्ण बरे झालेले रुग्ण चाचण्यांत 10 टक्क्यांहून कमी होते.

उरते गोळी, आणि तिची भीती. ‘लिव्हर जातं’ हा आक्षेप पोकळ नाही. टर्बिनाफाइनने यकृताला गंभीर इजा क्वचित होते, म्हणून आधी रक्त तपासतात आणि यकृताचा आजार असलेल्याला ती देत नाहीत. हृदय कमजोर असेल तर इट्राकोनॅझोल हे दुसरं औषध टाळतात. तपासणी ठीक आली, तर मात्र घाबरून गोळी नाकारण्यात मला शहाणपण दिसत नाही. टर्बिनाफाइन रोज 250 मिलिग्रॅम, 12 आठवडे. चाचण्यांत वर्षअखेरीस 70 टक्के रुग्णांच्या नखांत बुरशी उरली नाही; नख पूर्ण निर्मळ झालेले मात्र 38 टक्केच. हा आकडा रुग्णाला आधीच सांगायला हवा. जोडीला युरियाच्या मलमाने नख मऊ करून कानशीने पातळ करायचं, आणि बेचक्यांतल्या चिखल्यांवरही इलाज करायचा, नाहीतर बुरशी तिथून परत येते.

‘नखच तर आहे’ म्हणणाऱ्याने घरातल्या मधुमेही माणसाचे पाय एकदा उजेडात पाहावेत. जाड नख खालच्या मांसात रुततं, जखम होते आणि बधिर पायाला ती कळतही नाही.

गोळ्या संपल्या त्या दिवशी वडिलांचं नख होतं तसंच पिवळं होतं. ‘फुकट गेलं,’ म्हणाले. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. जुनं झडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. डॉक्टरांनी सुरुवातीलाच निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवर कानशीने बारीक खाच पाडली होती. पिवळेपणा ती ओलांडून मुळाकडे आला, तर औषध हरलं असं समजायचं. वडील दर रविवारी चष्मा लावून खाच पाहतात. ती अर्ध्यावर आली आहे, आणि मागचं नख गुलाबी आहे.