बंदुका पेरल्या कोणी?

नायजेरियाच्या नायजर डेल्टाचा विषय निघाला की आमच्या नातेवाईकांत एक वाक्य हमखास येतं, "ती माणसंच तसली, मारामारी रक्तातच आहे त्यांच्या!" माफ करा मंडळी, पण हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

१९५६ साली ओलोइबिरीला तेल सापडलं. पैसा सरकारकडे आणि कंपन्यांकडे गेला. कोळ्यांच्या वाट्याला आला तो खाडीवरचा तेलाचा तवंग. ओगोनी लोकांसाठी केन सारो-विवा या लेखकाने हातात शस्त्र न घेता आंदोलन उभारलं. लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्याला आठ साथीदारांसह फासावर लटकवलं. शांततेने मागितलं तर काय मिळतं, हे पोरांनी पाहिलं.

मग २००३ च्या निवडणुका आल्या. रिव्हर्स राज्यात पुढाऱ्यांनी मतदान हवं तसं वळवायला तरुणांच्या टोळ्या पोसल्या, त्यांना पैसे दिले, हत्यारं दिली. निवडणूक झाल्यावर साहेबांनी हात झटकले. हत्यारं मात्र पोरांकडेच राहिली! पुढे पाइपलाइन फोडायची, चोरलेलं तेल होड्यांतून नेऊन जहाजांना विकायचं आणि त्या पैशातून आणखी बंदुका घ्यायच्या, असा धंदाच सुरू झाला.

बंदुका बाहेरून तस्करीने येतात, हे कबूल. पण त्यांना गिऱ्हाईक कोणी तयार केलं?

सरकारचा उपाय बघा. २००४ मध्ये हत्यारं जमा करणाऱ्यांना रोख पैसे. २००९ मध्ये माफी, वर महिना ६५,००० नायरा भत्ता. २०२२ मध्ये तर पाइपलाइनच्या राखणीचं कंत्राट टोम्पोलो या जुन्या बंडखोर म्होरक्याशी संबंधित कंपनीला! माफीनंतर हल्ले कमी झाले, हे नाकारत नाही. पण ज्या कोळ्याने बंदूक कधी हातात धरली नाही, त्याला काय मिळालं? २०११ साली संयुक्त राष्ट्रांचा एक अहवाल मिळाला. ओगोनीलँड पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं त्यात लिहिलंय.

आता त्या कोळ्याच्या मुलाने यातून कोणता धडा घ्यावा, तुम्हीच सांगा. माझ्या मते बंदुका गोळा करणं ही नंतरची गोष्ट. आधी त्या वाटणाऱ्या पुढाऱ्यांना कोर्टात उभं करा आणि खाडी साफ करा. ते होत नाही तोवर एक बंदूक जमा होईल आणि दोन नव्या येतील.