मैदानगप्पा : पुढचं चाक

बालमित्रांनो, या आठवड्यात आलेल्या पत्रांमधलं एक पत्र मी तीन वेळा वाचलं. पाठवणारा डोंबिवलीचा, इयत्ता सातवी. नाव लिहिलंय, पण कंसात 'छापू नका' असंही लिहिलंय, म्हणून नाही छापत.

पत्रातली हकिगत थोडक्यात अशी. ठाण्याला शाळाशाळांमधल्या स्केटिंगच्या शर्यती होत्या. पाचशे मीटरच्या शर्यतीत आपला हा मित्र शेवटच्या वळणापर्यंत पहिला होता. समोर रेघ दिसली आणि रेघेपलीकडे कठड्याशी उभे असलेले बाबाही दिसले. बाबांनी आनंदाने हात वर केले, म्हणून यानेही केले. तेवढ्यात डाव्या बाजूने कुणीतरी सर्रकन पुढे गेलं. दुसरा नंबर! ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत लोकलमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. तेव्हापासून स्केट्स माळ्यावर पडलेत. त्यात आईचं म्हणणं असं, की झालं ते बरंच झालं. जो खेळ ऑलिंपिकमध्येसुद्धा नाही त्यासाठी पहाटे पाचला उठायचं कशाला? दहावी काय, आता आलीच.

पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे : "काका, असं आणखी कुणाचं झालंय का?"

झालंय बाबा, झालंय! तेही थेट आशियाई स्पर्धेत, सगळ्या जगासमोर. आणि गंमत म्हणजे, त्याच शर्यतीत आपल्या महाराष्ट्राची दोन मुलं होती. पण ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी हा खेळ आला कुठून ते बघू, म्हणजे आईच्या प्रश्नाचंही काहीतरी उत्तर हाती लागेल.

स्केटिंगचं माहेर म्हणजे बर्फ. हॉलंडमध्ये जिकडेतिकडे कालवे. कडाक्याची थंडी पडली की ते गोठायचे, मग माणसं बुटांना पाती बांधून या गावाहून त्या गावाला जायची. शेजारच्या गावी निघालेल्या दोघांपैकी एकाने वेग वाढवला की दुसरा कसा गप्प बसेल? शर्यती सुरू झाल्या त्या अशा. १८९२ साली हॉलंडमध्येच या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १८९३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली. ती जिंकली याप एडन या डच तरुणाने. हा पठ्ठ्या पुढे सायकलच्या शर्यतीतही जगज्जेता झाला. मांड्यांत जोर असला की तो दोन्हीकडे उपयोगी पडतो!

हिवाळी ऑलिंपिक पहिल्यांदा झालं १९२४ साली, फ्रान्समधल्या शामोनीला. तिथलं अगदी पहिलं सुवर्णपदक कुठल्या खेळाचं होतं, ठाऊक आहे? पाचशे मीटर स्पीड स्केटिंगचं. ते अमेरिकेच्या चार्ल्स ज्यूट्रॉने जिंकलं.

या बर्फावरच्या शर्यतीची एक गोष्ट मला फार आवडते. चारशे मीटरच्या ट्रॅकवर एका वेळी दोघंच धावतात. पण खरी शर्यत असते ती घड्याळाशी. सगळ्या जोड्यांचं धावून झालं की ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, तो पहिला. दोघांच्या रांगा वेगवेगळ्या. आतली रांग आखूड आणि बाहेरची लांब, म्हणून न्याय व्हावा यासाठी प्रत्येक फेरीत दोघांनी रांगांची अदलाबदल करायची. या अदलाबदलीपायी २०१० मध्ये व्हँकुव्हरला केवढा घोटाळा झाला! दहा हजार मीटरमध्ये हॉलंडचा स्वेन क्रामर सगळ्यांत वेगवान ठरला होता. पण भर शर्यतीत त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला चुकून भलत्याच रांगेत जायची खूण केली आणि तो गेला. शर्यत संपल्यावर कळलं, की तो बाद झालाय. दुसऱ्या नंबरच्या माणसापेक्षा चार सेकंदांनी पुढे असूनसुद्धा! संतापलेल्या क्रामरने डोळ्यांवरचा चष्मा काढून भिरकावला. पण प्रशिक्षक मात्र त्याने बदलले नाहीत.

आणि १९८० चा एरिक हायडन! अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला पुरुषांच्या पाच शर्यती होत्या आणि पाचही त्याने जिंकल्या. पाचशे मीटरही त्याचीच आणि दहा हजारही त्याचीच. धावण्याच्या शर्यतींत शंभर मीटर आणि दहा हजार मीटर एकानेच जिंकल्याचं कधी ऐकलंय का? दहा हजारच्या आदल्या रात्री हा गृहस्थ आइस हॉकीचा सामना बघत बसला आणि सकाळी चक्क झोपून राहिला. मग धावतपळत मैदान गाठलं आणि १४ मिनिटं २८.१३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. दहा हजार मीटर म्हणजे साधारण दिवा ते कल्याण. थांबत थांबत जाणारी आपली धिमी लोकलसुद्धा त्याच्या फारशी पुढे गेली नसती. (पालकांसाठी जाता जाता : हायडन पुढे शिकून हाडांचा डॉक्टर झाला.)

आता चाकांकडे येऊ. कारण कल्याण-डोंबिवलीत बर्फ म्हटलं की तो गोळेवाल्याच्या गाडीवरच.

चाकं लावायची कल्पना ज्याला सुचली, त्या जॉन जोसेफ मर्लिनची फजिती ऐका. अठराव्या शतकातली गोष्ट. लंडनच्या एका मेजवानीत हे साहेब चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत ऐटीत शिरले. बुटांना वळताही येईना आणि थांबताही येईना. समोर भला मोठा, महागडा आरसा होता. पुढचं सांगायला नको. आरसा गेला, व्हायोलिन गेलं आणि स्वतः मर्लिनही चांगलाच जखमी झाला. सहज वळता येतील असे चार चाकांचे स्केट्स बनवले ते अमेरिकेच्या जेम्स प्लिम्प्टनने, १८६३ साली. पुढे दोन आणि मागे दोन चाकांचे. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी बुटांवर बांधून चावीने आवळायचे तेच हे. एका ओळीत चाकं असलेले इनलाइन स्केट्स सगळीकडे पसरले ते १९८० नंतर.

चाकांवरच्या वेगाची जागतिक स्पर्धा १९३७ पासून आहे, इटलीतल्या मोंझापासून. आशियाई स्पर्धेत रोलर स्केटिंग आलं २०१० साली. आईंचं म्हणणं मात्र खरं आहे. मोठ्यांच्या ऑलिंपिकमध्ये चाकांवरच्या शर्यती आजवर आलेल्या नाहीत. मला विचाराल तर हा अन्यायच आहे, पण आहे ते आहे. यातूनही काहींनी वाट काढली. टेक्सासचा चॅड हेड्रिक चाकांवरचा जगज्जेता. २००२ मध्ये त्याने बघितलं, की चाकांवरचाच जुना खेळाडू डेरेक पारा बर्फावर जाऊन ऑलिंपिकचं सोनं जिंकतोय. झालं! यानेही चाकं सोडून पाती चढवली आणि २००६ मध्ये ट्युरिनला पाच हजार मीटरचं सुवर्ण घेतलं. बेल्जियमच्या बार्ट स्विंग्जने २०२२ मध्ये बीजिंगला तसंच केलं. आपल्या अहमदाबादचा विश्वराज जडेजाही चाकांवरूनच बर्फाकडे वळला आणि सरावासाठी थेट हॉलंडला गेला.

चला, आता ती राखून ठेवलेली गोष्ट.

२ ऑक्टोबर २०२३, गांधी जयंती. चीनमधल्या हांगझोला आशियाई स्पर्धा चालू होत्या आणि पुरुषांची तीन हजार मीटर रिले शर्यत लागली होती. या रिलेत हातात काठीबिठी नसते. दमलेला गडी आपल्या ताज्या दमाच्या सोबत्याला मागून जोरात ढकलतो आणि तो सुसाट सुटतो. भारताच्या संघात पंजाबी घराण्यातला आर्यनपाल सिंग घुमान, तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार आणि महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे व विक्रम इंगळे होते.

सगळ्यांत पुढे होता दक्षिण कोरिया. शेवटच्या टप्प्यात त्यांचा जंग चोल-वॉन सुटला होता, पाठोपाठ तैवानचा हुआंग यू-लिन. रेघ जवळ आली. जंगला वाटलं, जिंकलो! त्याने अंग सरळ केलं आणि दोन्ही हात वर केले. हुआंग मात्र अजून वाकलेलाच होता. त्याने डावा पाय होता तितका पुढे ताणला. आपल्या खेळात रेघ छाती ओलांडत नाही, मित्रांनो. स्केटचं पुढचं चाक ओलांडतं.

कोरियाचे खेळाडू झेंडा घेऊन मिरवू लागले आणि मग फलकावर आकडे आले. तैवान ४ मिनिटं ५.६९२ सेकंद, कोरिया ४ मिनिटं ५.७०२ सेकंद. फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा! त्या वेगाला याचा अर्थ जेमतेम अर्धी वीत. कोरियात तरुणांना सक्तीने सैन्यात जावं लागतं. आशियाई सुवर्ण मिळवलं की त्यातून सूट मिळते. म्हणजे अर्ध्या वितीत पदकाचा रंग तर गेलाच, शिवाय त्याच्या सोबत्यालाही मिळू शकली असती ती सूट गेली. जंगने सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली.

आणि तिसरे कोण? भारत, ४ मिनिटं १०.१२८ सेकंद. कांस्यपदक! त्याच दिवशी आपल्या मुलींनीही रिलेचं कांस्य मिळवलं. दुसऱ्या दिवशी जगभर जंगच्या वर केलेल्या हातांचाच फोटो झळकला. त्या गडबडीत आपल्या पोरांच्या पदकाकडे जरा दुर्लक्षच झालं, असं मला अजून वाटतं. त्यांच्यातल्या आनंदकुमारने पुढे २०२५ मध्ये चीनमधल्या बेइदैहेला एक हजार मीटर स्प्रिंटचं जागतिक विजेतेपद मिळवलं. स्पीड स्केटिंगचा पहिला भारतीय जगज्जेता! त्याच स्पर्धेत त्याने बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉनही जिंकली.

गोष्ट इथे संपली असं वाटतंय ना? नाही संपली. हांगझोच्या शर्यतीला महिनाही झाला नव्हता. तैवानच्या राष्ट्रीय स्पर्धेत हुआंग यू-लिन एक हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत उतरला. हो, तोच, पाय पुढे टाकून सोनं मिळवणारा! तो सगळ्यांच्या पुढे होता. रेघ आली आणि त्याने हात वर केले. मागच्याने पाय पुढे टाकला. हुआंग ०.०३ सेकंदांनी हरला!

मी हे वाचलं तेव्हा आधी हसलो आणि मग हसू आवरलं.

तेव्हा डोंबिवलीकर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं? कितीतरी जणांचं असं झालंय. तुझ्या बाबांनाही हे वाचून दाखव. पत्रावरून वाटतं, तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलंय. कठड्याशी हात त्यांनीच आधी वर केले होते ना! आणि एक सांगायचं राहिलं. स्केट्स माळ्यावर ठेवताना चाकं पुसून ठेवली होतीस का? पावसाळी हवेत बेअरिंगला गंज धरतो आणि मग चाक अडखळत फिरतं. आज रविवार आहे, खाली काढ आणि एकेक चाक बोटाने फिरवून बघ. पुढची शर्यत कधी आहे, तेही तू लिहिलेलं नाहीस. पुढच्या पत्रात कळव.