दुसरा पेला आणि पहिला घास

बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळच्या उड्डाणपुलावर सायंकाळी वाहनांची जी रांग लागते, ती पाहिली की उपाहारगृहांनी ‘हॅपी अवर’ची वेळ कोणासाठी ठरवली असावी, हा प्रश्न पडतो. नोकरदार माणूस त्या वेळी एक तर कार्यालयात असतो किंवा पुलावर. ही वेळ मुळात रिकाम्या मेजांच्या सोयीची आहे. भाडे व पगार चालूच असतात, ग्राहक मात्र रात्रीशिवाय येत नाही, म्हणून सवलत. व्यवसायाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. गंमत अशी की, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकी नौदलात हा शब्द रूढ झाला तो खलाशांच्या मुष्टियुद्ध-संगीताच्या करमणुकीसाठी. आणि १९१४ पासून त्या जहाजांवर मद्यास बंदीच होती.

मेक्सिकन खाद्यगृहांची या शहराला आता नवलाई उरलेली नाही. ‘टाको बेल’ने भारतातील आपले पहिले दुकान २०१० मध्ये बंगळूरलाच उघडले, ‘कॅलिफोर्निया बरिटो’चा आरंभ २०१२ मध्ये येथलाच. परिसरात अशी दोन-तीन ठिकाणे असली की निवड बहुधा ‘एकावर एक मोफत’ या पाटीवर होते. व्याजाचा दर अर्ध्या टक्क्याने कमी-जास्त झाला तर चौकशी करणारा ग्राहक येथे मात्र हिशेब विसरतो. एकच पेला घ्यावयाचा बेत असलेला मनुष्य दोन घेतो. मार्गारिटाच्या काठावरचे मीठ आणि मक्याचे खारट काप तहान वाढवतात, तिसरा पेला पूर्ण दराने येतो आणि सवलतीचे गणित तेथेच फिसकटते.

खरे तर पारख व्हावी ती स्वयंपाकघराची. मराठी माणसाला हे अन्न परके वाटण्याचे कारण नाही. मिरची, मका, टोमॅटो, पेरू, चिकू ही सारी अमेरिका खंडाची देणगी. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. इसवी सन ७५०च्या सुमाराचा कित्तय्याचा शिलालेख हेब्बाळात २०१८ मध्ये उजेडात आला. त्या कित्तय्याने मिरचीचा ठेचा कधी चाखला नसणार! मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग वाटतात. त्यामुळे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. अशा पिठाची टॉर्टिया ताजी भाजलेली असेल तर तिचा वास मेजापर्यंत येतो. तिच्या जागी मैद्याची गार पोळी आणि साल्साच्या नावाखाली गोडसर सॉस मिळाला, तर पेला फुकट असूनही महाग पडतो. टॉर्टिया येथेच भाजता का, एवढे विचारणाऱ्याला वाढपी उत्तर कसे देतो, यावरूनही पुष्कळ कळते.

ग्वाकामोलेचेही तसेच. ॲव्होकॅडो हे बंगळूरच्या रसवाल्यांकडे ‘बटर फ्रूट’ म्हणून जुनेच ओळखीचे फळ. कोडगूत ते पिकते. हंगामात हे फळ वापरणारे छोटे खाद्यगृह, परदेशी फळाची जाहिरात करणाऱ्या झगमगाटी जागेपेक्षा केव्हाही अधिक विश्वासाचे.

देयकही वाचावे. अन्नावर सर्वसाधारणपणे ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. मद्य त्या कराच्या कक्षेबाहेर आहे, त्यावर राज्याचा कर असतो. सेवाशुल्क आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. तरीही ती ओळ दिसली तर ती काढावयास सांगण्यात संकोच कसला?

राहिला परतीचा प्रश्न. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पूल ओलांडून गाठलेल्या स्वस्त पेल्यापेक्षा घरापासून चालत जाण्याजोगे मेज बरे. तेथे सातनंतर गेले की सवलत संपलेली असते, पेला पूर्ण किमतीचा असतो. पण तवा तापलेला असतो आणि टॉर्टिया त्यावरून थेट ताटात येते.